मोकळी चार आवर्तनं

कॉर्नेटच्या, म्हणजे बँडमधल्या छोट्या पितळी तुतारीच्या, खालच्या वाकाला एक छोटी झडप असते. वाजवणाऱ्याच्या श्वासातली वाफ थंड पितळाला लागून पाणी होते, त्या वाकात साचते आणि झडप दाबली की थेंबाथेंबाने बाहेर येते. अर्धा तास वाजवलं तर दहा-बारा थेंब निघतात. विज्ञानाच्या बाईंनी ते एकदा मोजले होते. त्यात नवल काही नाही. नवल एवढंच, की कपाटातला हा कॉर्नेट वर्षभर कुणी वाजवला नव्हता आणि आज सकाळी त्यातून चार थेंब पडले.

कालही चारच पडले होते.

कपाटात बाईंनीच निळ्या दाण्यांची पुडी ठेवली होती. ओल लागली की ते दाणे गुलाबी होतात. सगळे निळे होते. किल्ली एकच, ती बाईंच्या गळ्यातल्या दोरीला. त्यांनी कॉर्नेट पुसून जागेवर ठेवला आणि तिसऱ्या तासाला मुलांना वाफेचं पाणी कसं होतं ते शिकवलं. आवाज नेहमीसारखाच होता. खडू मात्र दोनदा मोडला.

बँड त्यांच्या गळ्यात पडला तो लढाईमुळे. बँडमास्तर पहिल्याच महिन्यात आघाडीवर गेले. “ध्वनीचा धडा तुम्हीच शिकवता ना,” हेडमास्तर म्हणाले, “मग बँडही तुमचाच.” शाळेत खोल्या कमी, म्हणून एकाच मोठ्या खोलीत अर्ध्या भागात बँड बसे आणि अर्ध्या भागात स्वयंसेवक गटाच्या मुली जखमींसाठी पट्ट्या गुंडाळत. पट्ट्या कापून द्यायच्या शिवणाच्या मावशी. कॉर्नेट त्यांच्या मुलाचा.

त्याला सगळे घाईमास्तर म्हणत. कूचगीताच्या मधोमध चार आवर्तनं एकट्या कॉर्नेटची होती, आणि तिथे तो दर वेळी अर्धी मात्रा आधी घुसायचा. “जन्मालासुद्धा तीन आठवडे आधी आलाय,” मावशी म्हणायच्या, “तुमच्या ठेक्याला काय थांबणार?” सोळाव्या वर्षी तो स्ट्रेचर उचलणाऱ्यांच्या तुकडीत निघाला. तिथेही घाईच. अर्जावर आईने सही केली नाही; शिक्षकाची चालत होती. बाईंनी केली. पाच महिन्यांनी ‘ठावठिकाणा नाही’ असा कागद आला. त्याला आता सात महिने झाले होते. मावशी त्या सहीबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

बाईंनी कॉर्नेट दुसऱ्या कुणाला दिला नाही. दर सोमवारी ठरवायचं आणि दर शनिवारी पुढे ढकलायचं. बँड त्या चार आवर्तनांपाशी आला की नुसता ढोल चाले, बाकी सगळे वाद्यं मांडीवर ठेवून थांबत. शनिवारी स्टेशनवर नव्या तुकडीला निरोप देतानाही तसंच. त्या शांततेत खिडकीतून हात हलवणारी मुलंही हात खाली घेत.

“बाई, परवा तरी ती जागा भरा हो,” ढोलवाला म्हणाला. “स्टेशनमास्तर मला विचारतात, बँड दमला का?”

“तू ठेका धर.”

सराव सुरू झाला. चार आवर्तनं आली. ढोल एकटा. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी गुणगुणू लागलं. अर्धी मात्रा आधी.

ढोल चुकला, थांबला. पट्ट्यांच्या टेबलाशी कात्री थांबली.

गुणगुणत होती ती नवी मुलगी. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून आलेली; तिथल्या शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची, इथे पट्ट्या गुंडाळायची. बारीक अंगाची, म्हणून पोरींनी तिला काडी नाव ठेवलेलं. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ती ओशाळली.

“हे तुला कुणी शिकवलं?” बाईंनी विचारलं.

“कुणी नाही.”

“मग कुठे ऐकलंस?”

“इथेच. रोज तर वाजतं त्या जागी.” तिने इतरांकडे पाहिलं. “म्हणजे... तुम्हाला नाही ऐकू येत?”

बाईंच्या डोक्यात कारणं भराभर मांडली गेली: दुसऱ्या मुलांनी शिट्टीवर वाजवलं असेल, वरच्या फळीवर बँडमास्तरांची स्वरलिपी आहे. पण स्वरलिपीत ती अर्धी मात्रा नव्हती. आणि त्या जागी शिट्टी वाजवायची कुणाची छाती नव्हती.

मावशी कात्री हातात घेऊनच आल्या. “घाई केलीस गं तू,” त्या मुलीला म्हणाल्या.

“चुकलं का, मावशी?”

“नाही. तसंच आहे ते.” मग बाईंकडे वळल्या. “कपाट उघडा.”

बाईंनी कॉर्नेट बाहेर काढला. झडप दाबायला नको होती, पण बोटाने सवयीने दाबली. मावशींनी खाली तळहात धरला. एक, दोन, तीन, चार.

“कोमट आहे,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्या तळहाताला बोट लावलं. पितळ गार होतं. पाणी कोमट होतं. याला त्यांच्याजवळ कारण नव्हतं.

“किती दिवस?” मावशींनी विचारलं.

“कागद आल्यापासून. रोज.”

मावशींनी खांद्यावरची पट्टी ओढून हात कोरडा केला, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनही. “रोज यायचं, थांबायचं, परत जायचं. त्याला थांबायचं कधी जमलंय?” त्यांनी पट्टीची घडी घातली. “आपणच धरून ठेवलंय त्याला, बाई. तो गेला, असं मी म्हणू शकत नाही, आई आहे. सही तुमची होती. तुम्ही म्हणा.”

खोलीत पट्टीची एक गुंडाळी टेबलावरून सुटून घरंगळत भिंतीपर्यंत गेली. कुणी उचलली नाही. बाईंनी गळ्यातली दोरी काढली आणि किल्लीसकट कॉर्नेट काडीच्या हातात दिला.

“तो आता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “परवा स्टेशनवर ही वाजवेल.”