वळणावरचा डबा

तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि कारखान्याच्या मागच्या फाटकाच्या कोपऱ्यावर, चाकांची हद्द दाखवणाऱ्या चुन्याच्या रेघेला अगदी चिकटून ठेवला.

ट्रेलरच्या केबिनमधून ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

“मॅडम, डबा रिकामा आहे ना?”

“भरलेला आहे. म्हणून तर ठेवलाय.”

“म्हणजे आज तुमचं जेवण माझ्या हातात!”

“तुमच्या मागच्या चाकात, मामा. हातांवर माझा भरवसा आहेच.”

वाहतूक नियोजक म्हणून ती प्रत्येक नव्या कारखान्याचं वळण असंच तपासायची. प्लास्टिकचा शंकू चुरडला तर कुणाचं काही जात नाही. आपला डबा ठेवायचा असला की रेघ मारतानाच डोकं जागेवर राहतं, असं तिचं म्हणणं.

कारखान्याचे व्यवस्थापक हाताची घडी घालून शेजारी उभे होते. काम लवकरच सुरू व्हायचं होतं आणि घोडं एकाच जागी अडलं होतं. पुढच्या फाटकासमोर रस्त्याकडेला एक लांब पट्टी मोकळी होती. व्यवस्थापकांना तिथे ट्रक रांगेने उभे करायचे होते. तिला तिथे बसथांबा हवा होता. ट्रकनी मागून यावं, आवारातच थांबावं. थांबा झाला नाही, तर बस हमरस्त्यावरच माणसं उतरवणार आणि पाळीला येणारे लोक ट्रकच्या चाकांना खेटून चालत येणार.

“एवढा लांब ट्रेलर इथे वळायचा नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि वळला तरी बसने येणार कोण? आजकाल ज्याच्या त्याच्याकडे गाडी असते.”

“तुम्ही मात्र आज चालवत आला नाहीत,” ती सहज म्हणाली. फाटकाबाहेर त्यांची मुलगी गाडीत स्टिअरिंगमागे बसली होती.

“लेकीला हौस. हल्ली तिच्या हातून चावी सुटेल तर शपथ.”

तिने हात वर केला. ट्रेलर पुढे सरकला, नाक पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नेऊन सावकाश आत वळला. मागची चाकं कोपऱ्याकडे ओढली गेली. तिने नजर हलवली नाही. शेवटचं चाक रेघेला घासून निघून गेलं. डबा जागच्या जागी चमकत होता.

“वळला,” ती म्हणाली.

“बघू, चाक नेमकं कुठून गेलं.”

व्यवस्थापक ताडताड कोपऱ्याकडे निघाले. भर दुपारचं ऊन होतं. तरी त्यांचा पाय सरळ समोर चमकणाऱ्या डब्यावर आदळला. डबा खणखणत भिंतीवर जाऊन आपटला आणि त्यांचा तोल गेला. तिने दंड धरला म्हणून ते सावरले.

“बाबा!” मुलगी गाडीतून उतरून धावत आली. “सांगत होते ना, मला सोबत येऊ दे म्हणून?”

“काही झालेलं नाही. तू बस जा गाडीत.” त्यांनी मुलीच्या हातातून कोपर सोडवून घेतलं.

मुलगी चार पावलं मागे सरकली आणि तिथेच थांबली. व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाकाची खूण बघायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

“ट्रक मागूनच येऊ देत,” ते म्हणाले. “पुढे तुमचा थांबा करा.”

“करते.”

“थांब्याच्या कडेला पिवळा पट्टा मारतात ना?”

“मारतात.”

“जरा रुंद मारा.” मग त्यांनी विचारलं, “पहिली बस पाळी सुरू व्हायच्या आधी पोचेल?”

“पोचेल, साहेब. मी स्वतः बघते.”

ते गाडीकडे गेले. या वेळी मुलीने कोपर धरलं, तेव्हा त्यांनी सोडवून घेतलं नाही.

ट्रेलर आवारात लावून ड्रायव्हर हात पुसत परत आला. तिच्या हातातला डबा पाहून तो चपापला.

“एवढा पोचा! माझं चाक तर लागलं नव्हतं, मॅडम.”

“नव्हतंच, मामा.” चेपलेलं झाकण निघेना, तेव्हा तिने ते भिंतीच्या कडेवर आपटलं. “माझ्याच हातून पडला.”