वनमालाबाईंचं इंग्रजी

राज्य नवं झालं, शहर राजधानी झालं आणि वर्षभरातच तिथल्या पंडरीच्या कापड बाजारात इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं दिसू लागली. श्यामरावांच्या कोसा रेशमाच्या दुकानात अठरा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या वनमालाबाईंनी ते बरोबर हेरलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ब्राह्मणपाऱ्यातल्या भार्गव सरांच्या इंग्रजी क्लासात नाव घातलं. शेजारी बसणाऱ्या कॉलेजच्या पोरी हसायच्या, तर बाई त्यांच्याच वह्या मागून राहिलेलं उतरवून घ्यायच्या. त्या आठवड्यात सरांनी महाग वस्तूंबद्दल बोलायचे वाक्प्रचार शिकवले होते. दिवसाढवळ्या दरोडा, नाकातून पैसे मोजणं, एक हात नि एक पाय देऊन वस्तू घेणं.

शनिवारी दुपारी दुकानात दोघी आल्या. एक मंत्रालयातली नवी अधिकारी, पद्मिनी मॅडम. दुसरी तिची लंडनची मैत्रीण. मैत्रिणीनं मधाच्या रंगाची साडी गालाला लावली, चिठ्ठीवरचा भाव पाहिला आणि पद्मिनीच्या कानाशी पुटपुटली, "ॲन आर्म अँड अ लेग."

श्यामरावांना वाटलं, मापाचं काही विचारून राहिल्या. "बाई, यायले ब्लाउजपीस दाखवा."

"थांबा भाऊ," म्हणत वनमालाबाई पुढे झाल्या. "येस मॅडम. आर्म अँड लेग. व्हेरी ट्रू."

दोघी ओशाळल्या. बाईंनी मात्र गादीवर बसकण मारली, डाव्या चिमटीत धागा धरल्यासारखं केलं आणि उजवा तळवा मांडीवर घासत तो वळून दाखवला. इंग्रजी संपलं तिथे हिंदी धरली. चांपा गावाकडच्या बाया कोशातला धागा असाच काढतात, उघड्या मांडीवर, दिवसभर. कातडी सोलवटून निघते. "हर आर्म, हर लेग," त्या पुन्हा इंग्रजीत म्हणाल्या. तिचा हात, तिचा पाय.

पद्मिनीनं हिंदीतलं इंग्रजीत सांगितलं, तशी मैत्रिणीनं साडी हळूच घडी करून ठेवली. भाव कमी करायचं नाव न काढता तीच बांधायला सांगितली आणि बराच वेळ बाईंशी बोलत राहिली.

"काय म्हणून राहिल्या?" श्यामरावांनी विचारलं.

"त्या बायांना भेटायचं म्हणतात. सोमवारी."

"मग दुकानातल्या नत्थूले पाठवतो संग."

"त्याले कुठे इंग्रजी येते? मी जाईन. पगार मात्र कापायचा नाही."

श्यामरावांनी मान हलवली. "हव. अन् वापस आल्यावर मलेही थोडं शिकवजा."

"शिकवीन. दुकान उघडायच्या आधी, नऊ वाजता. पण वही तुमची तुम्ही आणा."