साहेबांचं पान

तानुबाईने गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून कणकेचा रोडगा काढला, फडक्यावर झटकून राख उडवली आणि फोडून तुपात बुडवला. पडवीत पुण्याचे साहेब पाटावर मांडी घालून बसले होते. नवं राज्य झालं, आता त्याचे कोणते भाग मागे पडले आणि का, हे पाहत साहेब गावोगाव हिंडत होते.

गावाने तयारी केली होती. फाल्गुनात गावाच्या वाटेवरचा नाला कोरडाच. पण उतार खडबडीत, पाहुण्यांना हिसके बसायचे, म्हणून सरपंच उकंडरावांनी काल गडी लावून दोन्ही काठ खणून सारखे करवले, वर मुरूम टाकून पाणी शिंपडलं. पूल मागायचा होता तो ह्याच नाल्यावर. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही असं नव्हे. पण पाहुण्याला खड्ड्यातून आणायचं कसं?

"नाला कधी लागला कळलंसुद्धा नाही," साहेब म्हणाले.

उकंडराव संकोचून हसले. "तुमच्यासाठी एवढं तं करावंच लागते."

"पण जमीन एवढी काळीभोर, माणसं कष्टाळू. मग हा भाग मागे का?"

"थेच पाहाले तं तुम्ही आले, साहेब. आमी काय सांगाव?"

साहेबही हसले.

तानुबाई वांग्याची भाजी वाढू लागली. तिला आज बोलायचं होतं. गेल्या श्रावणात तिची लेक अन्नपूर्णा बाळंतपणात अडली. दवाखाना धामणगाव बढ्याला, आणि मध्ये नाला दुथडी भरलेला. बैलगाडी काठावर उभी राहिली. पाणी ओसरलं तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं; गाडी तिथूनच घरी परतली. तेव्हापासून तानुबाईचं सगळं चालू होतं, सैपाक, झाडलोट, निंदण. फक्त जिभेला चव नव्हती. भाजीचं मीठ सून चाखून सांगायची. त्या सुनेचे, कोकिळेचे, दिवस आता श्रावणातच भरायचे होते.

"बाई, पावसाळ्यात फार अडचण होते का हो?" साहेबांनी तिलाच विचारलं. आवाजात माया होती.

खांबाला टेकलेला तिचा नवरा पुंजाजी सरळ झाला. उकंडराव घास चावायचे थांबले. तानुबाईने पाहिलं, साहेबांचा घास अजून हातातच होता. भरल्या पानावर मेलेल्या लेकीचं नाव घेतलं, तर तो खाली ठेवावा लागला असता.

"होते थोडीशी," ती म्हणाली. "तूप वाढू का अजून?"

हात धुतल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. साहेबांनी हात धुतले, तोच उकंडरावांनी शेला-नारळ पुढे केला. आणि निरोपाच्या नारळापुढे रडगाणं कोण गातं?

"इतकं सुखाचं जेवण बऱ्याच दिवसांत झालं नाही," साहेब म्हणाले. "तुमचं तर बरं चाललंय की."

जीप नाल्यात उतरली आणि पलीकडे चढली. आवाजसुद्धा बदलला नाही.

"खूश होऊन गेले साहेब," पुंजाजी म्हणाला आणि पाट उचलू लागला.

मागच्या दारी कोकिळा उष्टी ताटं गोळा करत होती.

"सांगतलं का, आत्याबाई?"

"जेवून राह्यले होते वं."

कोकिळेने मान हलवली. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतंच.

"हाव. जेवत्या माणसाले कसं सांगाव?" ती म्हणाली, आणि एक हात पोटावर धरून हळूच ताटं घासायला बसली.