आतून कडी लावलेला वर्ग

तोताराम पाटील मालगाडीवर गार्ड होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत त्याच्याइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. दूधवाल्याने माप घातलं की तो ते घरच्या पेल्याने पुन्हा मोजून बघायचा. शेजाऱ्याने सणाला करंज्या पाठवल्या तर ह्या लोकांचं आपल्याकडे काय काम निघालं असेल, याचा विचार करत तो त्या खायचा. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून बसून यांचा स्वभाव असा झाला, असं त्याची बायको धुरपदाबाई म्हणायची. दोघं मूळची शिरपूरकडची, त्यामुळे घरात बोलणं अहिराणीतच चालायचं.

त्यांना एकच मुलगी, कोकिळा. सत्त्याऐंशी साली ती नववीत दुसऱ्यांदा नापास झाली आणि कॉलनीजवळच्या शाळेने तिच्या हातात दाखला ठेवला. पोरगी हुशार आहे पण अभ्यास करत नाही, असं तिथल्या हेडमास्तरांनी सांगितलं. तोतारामला ते पटेना. मुलीच्या वह्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या. अक्षर इतकं सुरेख, की छापलेलं वाटावं. मास्तरांनी पानोपानी लाल शाईने 'छान' लिहिलेलं. मग नापास कशी होते? मास्तरच काहीतरी लपवत असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

यावल रस्त्यावर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये काही वर्षांपासून एक हायस्कूल चालतं, अशी बातमी धुरपदाबाईने आणली. लोक तिला नापासांची शाळा म्हणत. ज्याला कुठलीही शाळा दारात उभं करत नाही, त्याला तिथे घेतात. देणगी मागत नाहीत. धुळ्याच्या एका मोठ्या शाळेतली नोकरी सोडून आलेले रतिलाल सर ती चालवतात.

"चांगली नोकरी सोडी आना? कसाले?" तोतारामने लगेच विचारलं.

धुरपदाबाईला ते माहीत नव्हतं. पोर घरात बसून राहण्यापेक्षा जाऊ दे, एवढंच ती म्हणाली. तोताराम मुलीला घेऊन शाळेत गेला. फाटकावर मोठा बोर्ड होता: दहावीचा निकाल, शंभर टक्के. तो बोर्ड वाचून त्याच्या कपाळावर आठी पडली. इतर शाळांनी टाकून दिलेली पोरं घ्यायची आणि झाडून सगळी पास करायची, हे सरळ मार्गाने होणारं काम नव्हे.

रतिलाल सर पन्नाशीचे, बुटके. बोलताना ते समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत. तोतारामच्या मते ही खूण चांगली नव्हती. सरांनी कोकिळाला दाखल करून घेतलं, तिच्याशी एकटीशी दहा मिनिटं बोलले, आणि बापाला काही न सांगता वर्गात पाठवून दिलं. काय बोलणं झालं, असं घरी विचारल्यावर कोकिळा म्हणाली, काही नाही, असंच.

त्यात उखर्डूने भर घातली. उखर्डू हाही गार्ड, आणि रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हर ड्यूटीनंतर टेकतात तिथे, जगाच्या बातम्या त्याच्याकडे असत. त्याने सांगितलं की त्या शाळेत दुपारी एका वर्गाचं दार आतून बंद करून घेतात. बाहेरच्या कुणाला आत जाऊ देत नाहीत. आत काय चालतं, तर कॉप्या कशा करायच्या त्याची तालीम. बोटाएवढ्या चिठ्ठ्या लिहायला शिकवतात. नाहीतर शंभर टक्के निकाल येईल कुठून?

त्या काळी परीक्षेच्या केंद्राबाहेर भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे भाऊबंद तोतारामने दरवर्षी पाहिले होते. त्याला उखर्डूचं बोलणं पटलं. आपली मुलगी असल्या धंद्यात सापडली आणि बोर्डाने तिला पकडलं, तर तिच्यावर कायमचा डाग बसेल. त्याने घरी काही बोलून दाखवलं नाही. खंडव्याची गाडी पोचवून तो सकाळी परत आला, अंघोळ केली, आणि झोपायचं सोडून दुपारी सायकल काढून शाळेत गेला.

शेडच्या मागच्या अंगाला शेवटचा वर्ग होता. दार खरोखरच बंद होतं. आतून पुटपुटण्याचा आवाज येत होता, बरीच माणसं एकदम हळू बोलल्यासारखा. तोतारामने दार ढकलून पाहिलं. कडी होती. त्याने थाप मारली. आवाज एकदम थांबला. बाकं सरकली, काहीतरी घाईघाईने उचलून ठेवल्याचा आवाज आला, आणि एका बाईने कोण आहे म्हणून विचारलं. त्याने नाव सांगितलं. दार बोटभर उघडलं. प्रमिलाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी त्याला ऑफिसात बसायला सांगितलं आणि दार लावू लागल्या. तोतारामने दाराला हात लावला आणि तो आत शिरला.

मिसरूड फुटलेली पोरं आणि लग्नाच्या वयाच्या दिसणाऱ्या मुली जमिनीवर गोल करून बसल्या होत्या. सगळ्यांनी काहीतरी मांडीखाली नाहीतर ओढणीखाली लपवलं होतं. एका दांडगट पोराच्या गुडघ्याखालून पुस्तकाचं टोक बाहेर आलं होतं. तोतारामने ते ओढून काढलं. ते पहिलीचं पुस्तक होतं. रंगीत चित्रांचं, मोठ्या अक्षरांचं.

कोकिळा भिंतीला टेकून बसली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तोताराम तडक रतिलाल सरांकडे गेला. दहावीला बसायच्या पोरांना पहिलीचं पुस्तक देऊन त्यांचं वर्ष फुकट घालवता, आणि वर दार लावून घेता, असं तो मोठ्याने बोलला. सरांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "पाटील, तुमच्या मुलीला वाचता येत नाही. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

तोताराम त्यांना खोटारडा म्हणाला. दहा वर्षं शाळेत गेलेल्या मुलीला वाचता येत नाही, असं कुठे होतं का? तिचं अक्षर बघा म्हणाला. सर म्हणाले, अक्षर पाहिलंय. फळ्यावरचं ती चित्र काढल्यासारखं उतरवते. दार बंद असतं ते पोरांसाठी. येणाऱ्या-जाणाऱ्याने दारातून डोकावून हसू नये म्हणून. एवढ्या मोठ्या वयात बाराखडी शिकताना जगाने पाहिलं, तर पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

तोताराम घरी आला तो रागातच. माणूस सारवासारव करतो आहे, असंच त्याला वाटत होतं. संध्याकाळी कोकिळा आली. त्याने वर्तमानपत्र तिच्यासमोर धरलं आणि पहिल्या पानावरची कुठलीही बातमी वाचायला सांगितलं. तिने पेपर हातात घेतला. बराच वेळ ती बघत राहिली. धुरपदाबाई चुलीपाशी बसली होती, तिचे भाकरी थापणारे हात थांबले.

"आबा," कोकिळा म्हणाली, "माले वाचता येस नही."

मग तिने एकेक सांगितलं. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. तिसरीत तिने बाईंना हे सांगितलं होतं, तर बाईंनी छडी मारली. तेव्हापासून वर्गात जे कानावर पडेल ते ती पाठ करून ठेवी. मैत्रिणीकडून धडे मोठ्याने वाचून घेई. आठवीपर्यंत परीक्षेत बाई प्रश्न मोठ्याने सांगत, म्हणून निभावलं. नववीत छापील पेपरातले प्रश्नच वाचता येईनात. तोतारामला आठवलं, डोळे दुखतात म्हणून तिने सांगितल्यावर त्याने तिला दोनदा चष्मा बदलून आणला होता, आणि चष्मेवाल्याने आपल्याला फसवलं म्हणून त्याच्याशी भांडूनही आला होता. मला का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं. तुम्ही वही बघून खूश व्हायचे, असं ती म्हणाली.

जगातल्या प्रत्येकावर त्याने डोळा ठेवला होता, आणि घरातली ही गोष्ट त्याला दिसली नव्हती.

कोकिळा शिकू लागली. प्रमिलाबाई तिला वाळूत बोट फिरवून अक्षरं गिरवायला लावत, शब्द तोडून तोडून म्हणायला लावत. वर्षाअखेर ती नववी पास झाली. दहावीच्या दिवाळीपर्यंत ती धडा वाचू लागली, सावकाश, ओळीखाली बोट धरून. गणित तिचं मुळातच बरं होतं. इंग्रजीने मात्र तिचा पिच्छा सोडला नाही. मराठी अक्षरं कशीबशी जागेवर बसली होती, इंग्रजी अक्षरं अजून नाचत होती.

बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा सरांनी तोतारामला बोलावून घेतलं. कोकिळाने यंदा परीक्षेला बसू नये, एक वर्ष थांबावं, असं ते म्हणाले. तिची तयारी झालेली नाही. नापास झाली तर पोर पुन्हा खचेल.

तोतारामने फाटकावरचा बोर्ड आठवून विचारलं, "खचेल पोर, का तुमचे शंभर टक्के?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तेही आहे."

शाळेची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, शिक्षण खात्याचे साहेब आले की आधी निकाल विचारतात, नापासांच्या शाळेचा निकाल पडला तर टाळं लावायला कुणाला वाईट वाटणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तोतारामला ते खोटं वाटलं नाही. पण त्याने पुढचा प्रश्न विचारलाच. आतापर्यंत असं थांबवलेल्या पोरांपैकी पुढच्या वर्षी किती परत आली?

"निम्मी," सर म्हणाले. "मुली जवळजवळ नाहीतच. त्यांची लग्नं झाली."

कॉपीचा संशय धरून तोताराम या शाळेवर दीड वर्ष नजर ठेवून होता, आणि काळंबेरं निघालं ते भलतीकडेच. माणूस लबाड नव्हता. दार लावून तो पोरांची लाज राखत होता, आणि त्याच पोरांपैकी काहींना फाटकाबाहेर थांबवून बोर्डावरचा आकडाही राखत होता. दोन्ही खरं होतं. तोतारामला माणसं एकतर चोर नाहीतर साव अशी ओळखायची सवय होती. याचं काय करावं, ते त्याला कळेना.

घरी येऊन त्याने मुलीला सगळं सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. ती म्हणाली, मी बसते, नापास झाले तर काय, ते मला नवं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सरांकडे गेली. सरांनी फॉर्म भरला.

परीक्षेच्या दिवसांत तोतारामने ड्यूट्या बदलून घेतल्या आणि केंद्राबाहेर उभा राहिला. खरं सांगायचं तर तो मुलीसाठी उभा होता तितकाच सरांवर पाळत ठेवायला. रतिलाल सर भिंतीशी फिरत होते. एका पोराचा काका चिठ्ठी फेकायला खिडकीपाशी सरकला, तेव्हा सरांनी त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं. काका अंगावर धावून गेला. झटापटीत सरांचा चष्मा खाली पडून फुटला. तोताराम पुढे झाला नाही, कारण हा देखावा आपल्याला दाखवण्यासाठी तर नसेल, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली, आणि त्याने जाऊन काकाला बाजूला केलं.

जूनमध्ये निकाल लागला. कोकिळा बाकी सगळ्या विषयांत पास झाली, इंग्रजीत राहिली. शाळेतली नापास झालेली तेवढी एकच.

संध्याकाळी सर स्वतः क्वार्टरवर आले. तोताराम दारात उभा राहिला. माणूस आता बोलून दाखवेल, मी सांगत होतो म्हणेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. सरांनी गुणपत्रिका कोकिळाच्या हातात दिली आणि तिला ती मोठ्याने वाचायला सांगितली. तिने बोट धरून विषय वाचले, इंग्रजीसकट. सर म्हणाले, ऑक्टोबरच्या परीक्षेत इंग्रजी काढू. चहा घेऊन ते गेले. यंदा कुणालाच थांबवणार नाही, हे त्यांनी निघताना सांगितलं, तेही चपला घालता घालता.

तपासणीला आलेल्या साहेबांनी निकालाबद्दल कटकट केली आणि ताकीद देऊन एका वर्षाची परवानगी दिली. पुढच्या वर्षी निकाल आणखी उतरला. परवानगी तरीही मिळाली, कशीबशी. फाटकावरच्या बोर्डावर आता फक्त शाळेची वेळ लिहिलेली होती.

कोकिळा ऑक्टोबरला इंग्रजीत पास झाली, अगदी काठावर. जळगावला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला. तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना तोतारामने कंडक्टरला दोनदा विचारलं की मध्ये कुठे गाडी बदलावी लागत नाही ना.

त्याच हिवाळ्यात रतिलाल सरांनी त्याला शाळेच्या पालक समितीवर यायला सांगितलं. आमच्या मुलीचं शिक्षण झालं, आता मी कशाला, असं तो म्हणाला. तर सर म्हणाले, "इथे सगळे माझं कौतुक करतात. विचारणारा कुणी नाही."

तोताराम दोन दिवस त्यावर विचार करत होता. बैठकीच्या सकाळी धुरपदाबाईने इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

"यामा बी त्याना काही डाव व्हई," तो तिला म्हणाला. मग सदरा घालून सायकल काढली.