बोटीसाठी वडिलांची सही

"मुलीशी नातं?" बोट कंपनीच्या काउंटरवरच्या बाईने विचारलं. तिची बोटं कीबोर्डवर तयारच होती.

लिफ्टवाल्याने काचेपुढचे कागद सरळ केले.

"वडील लिहू ना?"

"लिहा की," तो म्हणाला आणि लगेच घाईने, "नको, थांबा. तसं नाही लिहिता येणार."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मागे रांग होती आणि रांगेतल्या लोकांना दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला नेहमीच बरं वाटतं. लिफ्टवाला काचेच्या भोकाजवळ वाकला. "तिच्या आईचा नवरा आहे मी. ती मला काका म्हणते."

"म्हणजे सावत्र वडील."

तो शब्द त्याने आजवर कधी वापरला नव्हता. घासात खडा आल्यासारखा तो जरा थांबला आणि म्हणाला, "हो. कागदावर तसंच."

"दत्तक वगैरे?"

"करू करू म्हणताना राहिलं."

"बरं, आईची सही आणा."

"आई नाही. गेली. दोन वर्षं झाली."

बाईचा आवाज उतरला. पण नियम काही उतरला नाही. तिने समजावून सांगितलं ते असं : अठरा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या कुणी बोटीवर न्यायचं तर हयात असलेल्या पालकाची लेखी संमती लागते, तीही नोटरीसमोर. म्हणजे मुलीच्या वडिलांची. खऱ्या वडिलांची. शिवाय आणखी एक घोळ होता. जन्मदाखल्यावर मुलीचं आडनाव वेगळंच होतं आणि तिकिटावर भलतंच.

"तिकिटावर हे कुणाचं आडनाव घातलंत?"

"माझं," लिफ्टवाला ओशाळून म्हणाला. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या पाण्याच्या बाटलीवर, छत्रीवर, दप्तराच्या आतल्या बाजूला जसं लिहितो तसंच हात चालवत तिकिटावरही लिहिलं होतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. छत्री हरवली तर परत घरी यावी, एवढ्यापुरतंच ते आडनाव होतं.

बाईने तिकीट दुरुस्त केलं. संमतीचा फॉर्म मात्र चुकीच्याच नावाने छापून निघाला होता. "इथे खोडून वर बरोबर लिहा आणि खाडाखोडीपाशी वडिलांची छोटी सही घ्या. बोट पुढच्या महिन्यात आहे ना? मग होईल की."

होईल की, म्हणायला हिचं काय जातंय, असं मनात म्हणत लिफ्टवाला बाहेर पडला.

बोटीचं हे लचांड एका पैजेतून उपटलं होतं. मुलीचं नाव घरात कुणी घेत नसे. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून ती सगळ्यांची भिंगरी. एकदा ती म्हणाली, मोठ्या बोटीत लिफ्ट असते. लिफ्टवाला हसला. आयुष्य लिफ्ट दुरुस्त करत त्यांच्या खड्ड्यात आणि छपरावर गेलं, वंगणाने नखं काळी झाली, आणि ही दहा वर्षांची पोर त्याला लिफ्ट शिकवणार. पाण्यावर हलणाऱ्या वस्तूत लिफ्ट बसवायला कंपनी काय वेडी आहे? "असली तर तुला घेऊन जाईन बोटीवर," तो बोलून बसला. भिंगरीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. एक नाही, आठ लिफ्ट, त्यातल्या दोन काचेच्या. त्याने फोटो मोठा करून बघितला, बारीक करून बघितला, आणि शेवटी हार मानली. आई गेल्यापासून भिंगरी एवढी खिदळली नव्हती. मग तिकिटं काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि आता घोडं वडिलांपाशी येऊन अडलं होतं.

भिंगरीच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भिंगरी वर्षाची असताना तो आणि तिची आई वेगळे झाले. त्याने दुसरं लग्न केलं, हिने लिफ्टवाल्याशी केलं. भांडण असं उरलं नव्हतं, पण येणंजाणंही उरलं नव्हतं. भिंगरीची आई गेली तेव्हा लिफ्टवाल्याने त्याला कळवलं होतं. 'वाईट झालं,' एवढाच निरोप उलटा आला. पुढे काही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या 'काही नाही'ने लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला होता. कारण उद्या तो माणूस दारात उभा राहून म्हणाला असता, तिची आई नाही, मग माझी मुलगी तुमच्याकडे कशी, तर याच्याकडे काय उत्तर होतं? भिंगरीची वेणी घालता येते, हे काही कुठल्या कचेरीत चालत नाही.

म्हणून तो दोन वर्षं त्या दुकानापासून चार हात लांब राहिला होता. त्या रस्त्यावरच्या इमारतीत लिफ्ट बिघडली तर दुसऱ्याला पाठवायचा. आता स्वतः होऊन त्याच दारात जायचं आणि म्हणायचं, ही मुलगी तुमची आहे असं लिहून द्या. तिकिटं रद्द करावीत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण घरी भिंगरीने बॅगेत पोहण्याचा चष्मा भरूनही ठेवला होता.

"काका, तू सही आणलीस?"

"आणतो गं."

"कुणाची लागते?"

"आहे एका माणसाची," तो म्हणाला आणि पोळपाट शोधण्याच्या मिषाने ओट्याखाली वाकला.

शनिवारी तो गेला. दुकानात गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, प्लॅस्टिकसकट. फोमचा कोरा वास येत होता. गादीवाला एका जोडप्याला गादी दाखवत होता. मूठ दाबायची, सोडायची, "बघा, कशी वर येते." लिफ्टवाल्याला त्याने ओळखलं आणि त्याची मूठ गादीतच राहिली.

गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "तिला काही झालंय का?"

"नाही नाही. छान आहे ती."

"मग?"

लिफ्टवाल्याने रात्रभर जुळवलेलं वाक्य ऐन वेळी दगा देऊन गेलं. त्याने नुसता फॉर्म पुढे केला. "बोटीवर न्यायचंय. चार दिवस. तुमची सही लागते म्हणतात."

गादीवाल्याने फॉर्म घेतला. सावकाश वाचला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "हे आडनाव कुणी खोडलं?"

"मीच."

"लिहिलं कुणी होतं?"

"तेही मीच. सवयीने."

गादीवाल्याने फॉर्म पालथा केला, पुन्हा सुलटा केला. लिफ्टवाल्याला वाटलं, आता म्हणेल, सवयीने म्हणजे काय? आता म्हणेल, मुलीला आधी माझ्याकडे आणा, मग बघू. दुकानातल्या एवढ्या गाद्यांत एकीवरही त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"नोटरी कोपऱ्यावरच आहे," गादीवाला म्हणाला. "चला. शटर अर्धं ओढतो."

नोटरी म्हातारे होते. खोली एवढीशी, त्यात टेबल, तीन खुर्च्या आणि कपाटावर ठेवलेला बंद पडलेला पंखा. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि गादीवाल्याला म्हणाले, "माहिती तुम्ही द्यायची. पालक तुम्ही आहात. यांनी मध्ये बोलायचं नाही." लिफ्टवाल्याने मान हलवली.

"मुलीची जन्मतारीख?"

गादीवाल्याने चटकन सांगितली. वर म्हणाला, "पहाटेचा जन्म. बाहेर धुकं होतं." नोटरींनी धुकं लिहिलं नाही.

"रक्तगट?"

गादीवाल्याने कपाटावरच्या पंख्याकडे पाहिलं.

"बरं, ते राहू द्या. औषधांची अ‍ॅलर्जी? हे मात्र हवं. बोटीवरच्या डॉक्टरला लागतं."

गादीवाल्याचा चेहरा पडला. मघाशी मुठीने गादी दाबणारा, दुकानभर वावरणारा माणूस, तो खुर्चीत आक्रसून बसला. एका गोळीने भिंगरीचं अंग लाल झालं होतं, ती गोळी, तिची कंपनी, ते साल, सगळं लिफ्टवाल्याच्या जिभेवर होतं. पण बंद लिफ्टमध्ये माणूस अडकतो तेव्हा त्याला बाहेरून, तुम्ही चुकीचं बटण दाबलंत, असं सांगायचं नसतं. आधी दार बोटभर उघडून हवा आत सोडायची असते. ते त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

"मलाही नक्की आठवत नाही," तो म्हणाला. "तिलाच फोन लावतो." आणि घंटी वाजायला लागल्यावर त्याने फोन गादीवाल्याच्या हातात दिला.

दिल्यावर मात्र त्याच्या मनात आलं, आपण हे काय करून बसलो?

"अरे काका, कुठे आहेस तू? दूध उतू गेलं," फोनमधून भिंगरीचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला.

गादीवाल्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"काका?"

"काका नाही," गादीवाला म्हणाला. "मी... नोटरीच्या ऑफिसातून बोलतोय. क्लार्क. तुझा फॉर्म भरायचाय."

नोटरींनी पेन खाली ठेवलं. लिफ्टवाला टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"हां, बोला," भिंगरीचा आवाज एकदम शहाण्यासारखा झाला.

"तुला कुठलं औषध चालत नाही?"

"ते काकाला विचारा ना. त्याला सगळं पाठ आहे."

"त्यांना आठवत नाही म्हणतात."

"खोटं बोलतोय," भिंगरी हसली. "त्याला माझ्या पडलेल्या दातांचे नंबरसुद्धा माहीत आहेत."

गादीवाल्याने मान वर करून लिफ्टवाल्याकडे पाहिलं. लिफ्टवाल्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. एकजण क्लार्क झाला होता, दुसरा विसराळू, आणि पोरीने दोघांनाही एका दमात उघडं पाडलं होतं.

"बरं," गादीवाला फोनमध्ये म्हणाला. "बोटीची भीती वाटते का तुला?"

"हेपण फॉर्ममध्ये आहे?"

"आहे."

"मग लिहा, मला नाही वाटत. काकाला वाटते. पण तो येणार आहे."

"लिहितो," गादीवाला म्हणाला. आणखी काही विचारावं असं त्याला वाटत असावं, कारण फोन तो बराच वेळ कानाला धरून होता. मग त्याने तो लिफ्टवाल्याला परत दिला.

औषधाचं नाव लिफ्टवाल्याने सांगितलं. रक्तगटही. नोटरींनी या वेळी त्याला गप्प केलं नाही. गादीवाल्याने खाली सही केली, मग खाडाखोडीपाशी आला. तिथे जागा थोडी होती. त्याने सही इतकी बारीक आणि इतकी जपून केली की लिफ्टवाल्याचं खोडलेलं आडनाव तिच्याखाली अजून वाचता येत होतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तिला आत्ता सांगू नका, मी होतो म्हणून. असा क्लार्क होऊन नको. जरा नीट सांगेन कधीतरी."

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी तिला मागायला येईन असं वाटलं होतं तुम्हाला?"

लिफ्टवाल्याने खोटं बोलायचं टाळलं. आजचा कोटा संपला होता. "रोज वाटायचं," तो म्हणाला.

"मी येणार नाही," गादीवाला म्हणाला. "माझी हिंमत व्हायची नाही." आणि शटर वर करायला निघून गेला.

लिफ्टवाला घरी आला तो जणू तरंगत. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला होता. बसमध्ये शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला त्याने न विचारताच सांगितलं, आम्ही बोटीवर चाललोय. इमारतीची लिफ्ट चालू असताना तो जिन्याने वर गेला, कारण एका जागी उभं राहणं त्याला शक्यच नव्हतं. दूध उतू गेलेला ओटा त्याने गाणं गुणगुणत पुसला. भिंगरी दारात उभी राहून बघत होती.

"झाली सही?"

"झाली."

"तो क्लार्क बरा होता," ती म्हणाली. "कुणी एवढं विचारत नाही."

"बरा आहे तो," लिफ्टवाला म्हणाला आणि फडकं पिळलं. पुढच्या महिनाभरात तिला खरं सांगावं असं त्याच्या कितीदा ओठांवर आलं, पण शब्द दिला होता.

बंदरावरच्या हॉलमध्ये गर्दी होती. तपासनिसाने फॉर्म पाहिला, नोटरीचा शिक्का पाहिला, खाडाखोड पाहिली आणि तिथे त्याची भुवई चढली. "एक मिनिट हं," असं म्हणून त्याने फॉर्मवरचा वडिलांचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. लिफ्टवाल्याच्या लक्षात येईपर्यंत घंटी वाजायला लागली होती.

"हॅलो?"

"बंदरावरून बोलतोय. आपण या मुलीचे वडील का?"

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला. मग, "हो."

"मुलगी या गृहस्थांबरोबर चाललीय. आपली संमती आहे ना?"

"आहे. पूर्ण आहे."

भिंगरी टाचा उंचावून काचेतून बोट बघत होती. तिच्या टाचा खाली टेकल्या. हा तर त्या क्लार्कचा आवाज. ती वळली, फोनकडे पाहिलं, मग काकाकडे. लिफ्टवाल्याने हळूच मान डोलावली. त्याला वाटलं, आता रडेल, नाहीतर चिडेल, आणि दोन्ही केलं तरी तिचं चूक नव्हतं. ती काउंटरजवळ आली. तिने हनुवटी फोनशेजारी टेकवली.

"हॅलो," ती म्हणाली. "आम्ही रविवारी संध्याकाळी परत येतो."

"बरं," फोनमधला आवाज म्हणाला. "सावकाश या."

तपासनिसाने शिक्का मारला, फॉर्म लिफ्टवाल्याच्या हातात दिला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. लिफ्टवाल्याने बॅगा उचलल्या. काउंटरवरच्या फोनचा दिवा अजून लागलेलाच होता. त्या बाजूने कुणी फोन ठेवला नव्हता.