समीक्षाच्या टेबलावरची कॉफी

"मंजुळाताई, आज माझी कॉफी राहू द्या. समीक्षा बनवतेय माझ्यासाठी," प्रशांत साहेब म्हणाले.

मंजुळा हातातला ट्रे घेऊन तशीच परत फिरली.

वागळे इस्टेटमधल्या त्या नकाशांच्या ऑफिसात सतरा वर्षं मंजुळाच कॉफी करत होती. दर रविवारी वर्तकनगरच्या घरी ती भाजलेल्या बिया मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायची, पूड तापून वास उडू नये म्हणून. सकाळी ऑफिसात आल्याआल्या पितळी फिल्टर लावायची. कोणाला किती साखर, हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.

आणि ही समीक्षा, येऊन दोन महिने झालेली मुलगी, हाताने फिरवायचा ग्राइंडर घेऊन टेबलावर बसायची. कागदी गाळणीत बारीक धारेनं पाणी सोडायची. भोवती चारजण उभे. "संत्र्यासारखा वास येतो ना?" असं कोणीतरी म्हणायचं. मंजुळाच्या पँट्रीत येऊन वास कधी कोणी घेतला नव्हता.

गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर टेबलं पुसताना तिने ग्राइंडरखालची, पूड जाड-बारीक करायची रिंग घट्ट पिळली. पाच-सहा खटके वाजले.

दुपारी पाहुणे आले. समीक्षाने हौसेनं कॉफी करायला घेतली. पूड पिठासारखी पडली. पाणी गाळणीतून उतरेचना. उतरली ती कडूजहर. एका पाहुण्याने कप हळूच बाजूला सरकवला. साहेब स्वतः पँट्रीत आले. "ताई, तुमची आहे ना? आणा पटकन."

ट्रे घेऊन आत जाताना मंजुळाचा जीव थंडावला. समीक्षाकडे तिने मुद्दाम पाहिलं. ती मान खाली घालून कागदाने टेबल पुसत होती.

संध्याकाळी समीक्षा पँट्रीच्या दारात आली. "मावशी, माझ्या ग्राइंडरला हात लावलेला का तुम्ही?"

"मी कशाला लावू?"

"बरं."

दुसऱ्या दिवशी टेबलावर ग्राइंडर नव्हता. कोणी विचारलं, तर समीक्षा म्हणाली, "घरी नेला. कामात वेळ जातो."

साहेब पुन्हा मंजुळाची कॉफी पिऊ लागले. सगळं हवं तसं झालं होतं. तरी रविवारी मिक्सर फिरवताना तिला चैन पडेना. सोमवारी ती समीक्षाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, रिंग मीच फिरवलेली."

"माहितीये मावशी." समीक्षाची नजर स्क्रीनवरच होती. "पहिल्या आठवड्यात मी तुमच्याकडे आलेले. फिल्टर कसा लावता, शिकवा म्हटलेलं. तुम्ही म्हणालात, वेळ नाही."

मंजुळाला ते आठवलं. त्या दिवशी तिला भरपूर वेळ होता.

आता रोज चार वाजता ती न विचारता समीक्षाच्या टेबलावर एक कप ठेवते. समीक्षा "थँक्यू मावशी" म्हणते आणि काम करत राहते. पाच वाजता मंजुळा कप उचलते. कॉफीवर साय धरलेली असते. पँट्रीत येऊन ती साय बोटाने बाजूला करते आणि ती गार कॉफी उभ्याउभ्या पिऊन टाकते.