एकशे दहा अंश

जयवंतीच्या डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने कमी होता. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर, शिंप्याच्या टेपने, रोज सकाळी चहाआधी ती मोजायची. गेल्या रविवारी फरक चार होता, म्हणजे मांडी भरत होती.

सासूचं, जिवलीचं, माप वेगळं होतं. चुलीपुढे उकिडवं बसता आलं की माणूस बरं झालं. तलासरीच्या डोंगराकडल्या त्या पाड्यात ताप असो, बाळंतपण असो, परीक्षा हीच. ऑपरेशनला नऊ आठवडे झाले, भाताची रोपं वीतभर वर आली, तरी सून अजून खुर्चीवर बसून भाजी चिरत होती.

"लावणीपन खुर्चीत बसूनच करणार काय, सायबीनबाय?"

गुडघ्याचा सांधा बांधून ठेवणारा आतला पट्टा जयवंतीने कबड्डीत चढाई करताना तोडून घेतला होता. डहाणूच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "परत खेळायचंय का? नसेल, तर व्यायामावरही भागेल." नवऱ्याकडे, धनेशकडे एकदा बघून ती म्हणाली होती, "गुडघा सटकतो. ऑपरेशन करा." उत्तर अर्धंच होतं. उरलेलं तिने कुणालाच सांगितलं नाही, आणि घरच्यांनी धरून चालवलं की सून शेतासाठी दुरुस्त होतेय.

संघाची कप्तान दक्षा पुढच्या उन्हाळ्यातल्या सामन्यांची यादी घेऊन दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा जयवंती "बघू" म्हणाली होती. आज दक्षा तिसऱ्यांदा आली, तर सुक्या ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसलेला. पाड्यातली निखळलेली हाडं तोच बसवायचा. जिवलीनेच त्याला बोलावलं होतं.

"पाय सैल सोड, बाय. टाच एकदा मागं टेकवली का सांधा सुटला. दोन मिंटाचा काम."

"नवा पट्टा अजून कच्चा आहे, काका. जोर दिलात तर तुटेल."

"चाळीस वर्षं हाडं बसवतो मी."

"हाडंच ना? हाडाला काही झालेलं नाही."

सुक्याने हसत तिचा घोटा धरला. त्याच क्षणी जयवंतीने त्याचं मनगट धरलं. मैदानात कमावलेली पकडच ती, सुटायचं नाव नाही.

"सोड गं! मोडशील!"

"मोडलं तर तुम्ही बसवालच."

दक्षा फिसकन हसली. सुक्याने घोटा सोडला आणि मनगट चोळत वाटी उचलली. जयवंतीने कंपासपेटीतला कोनमापक गुडघ्याला लावला, पाय सावकाश दुमडला आणि आकडा वाचला. "एकशे दहा. परवा एकशे सहा होता. त्याच्या गतीनं येऊ दे."

"आन लावणी?" जिवली कडाडली.

"लावणीवाल्यांचा सैपाक करीन, उभ्यानं. चिखलात पाय घालणार नाही."

धनेश दारातून म्हणाला, "अगं, चार दिवसांचं तर काम."

"चार दिवसांत पट्टा तुटला, तर तू देशील तुझा?"

जिवली थांबेना. "शेतात उतरायचा नाय, चुलीपाशी बसायचा नाय, मग आपरेशन केला कशाला गं?"

दक्षाचं हसू थांबलं होतं.

"खेळायला केलं, आई," जयवंती म्हणाली. "दक्षा, माझं नाव लिही. मी खेळणार."